गुरुजींसाठी नेलेलं स्थळ

आमच्या गुरुजींचं लग्न मी ठरवलं होतं, आणि तेही त्यांना न विचारता. एवढा येडेपणा करायला अक्कल नुसती कमी असून भागत न्हाय, वर स्वतःला शहाणं समजावं लागतं. मी समजत होते.

निजाम जाऊन थोडी वर्षं झाली होती. तुळजापुरात दुपारी देवळामागच्या ओवरीत गुरुजी आम्हा बायकांना वाचायला शिकवत. उर्दू शाळेत शिकलेला हा माणूस बाराखडीपेक्षा संसारावरच जास्त बोले. "भांडा, पण जेवून भांडा. ताट सरकवून उठलेला माणूस लवकर परतत न्हाय." माहेरी कायमची निघालेली मी त्या बोलण्यानं थांबले. नवऱ्यापेक्षा गुरुजींवर माझा भरोसा जास्त. मग असा माणूस बिनबायकोचा राहावा?

ढोकीच्या मामाला निरोप धाडला. मामा आपल्या लेकीसाठी नारळ, साखर, सुपारी आणि चार जाणती माणसं घेऊन थेट गुरुजींच्या दारात. पुढं मी, वरमाय असल्यासारखी.

दार त्यांच्या दोस्तानं उघडलं. तो शिंपी, गुरुजींच्याच घरी राहायचा. एकटेपणाला सोबत, असं मीच लोकांना समजावत असे. त्यानं चहा केला. बशी संपवून मामानं विचारलं, "झ्याक चहा! पाव्हणं, तुम्ही नवरदेवाचे कोण?"

तो गुरुजींकडं बघत राहिला. गुरुजींनी नारळ मामाच्या हातात परत ठेवला. "माझं घर भरलेलं हाय. लेकीला चांगला मुलगा बघा."

मामाला तिथंच कळलं. मला मात्र त्यानं मोटारस्टँडवर समजावून सांगितलं तेव्हा कळलं. वर म्हणाला, "येडे, ह्या माणसाकडनं नवरा-बायकोचं शिकतीस व्हय?"

लई झोंबलं. मी नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं गुरुजींना सांगितलं, आणि त्यांनी एवढं झाकलं! ज्याला बाईची ओढच न्हाय त्यानं आमच्या संसारावर बोलायचं? मग ते शहाणपण कुणाचं, कुठनं आणलेलं? चिडून मी घरी मुद्दाम ताट सरकवलं. माझं भांडण गुरुजींशी, आणि नवरा बिचारा विचारतोय, "अगं, भाजीनं काय केलं?"

तिसऱ्या दिवशी बायका उठून गेल्यावर मी ओवरीत उभी राहिले. "तुम्ही फसवलं मला गुरुजी. तुम्हाला काय ठाऊक घरातलं?"

ते सतरंजी गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले,

"पोरी, मागच्या साली तो रागानं तामलवाडीला बहिणीकडं निघून गेला. दोन महिने आला न्हाय. तेव्हा जे उमगलं तेच तुला देत होतो. खोटं वाटत असंल तर टाकून दे."