रानातल्या सात मावश्या

माझं ठिबकचं दुकान आहे, डोकं पक्कं व्यवहारी. देव-भुतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा सांगायला उठणारा माणूस. तरी हे लिहितोय... हसायचं असेल तर खुशाल हसा.

आमचं रान बेलापूरजवळ, कॅनॉलच्या कडेला. रानाच्या मधोमध चुना लावलेले सात दगड — साती आसरा, पाण्याच्या सात देवी. बायको सुनंदा खर्ड्याकडची, ऊसतोडीवर जाणाऱ्या घरातली. रानात लेकरू सोडलं की ती दगडांना सांगायची, "मावश्यांनो, पोरीकडं बघा गं."

मी चिडवायचो, "पगार किती देतेस त्यांना?"

"तुमच्यापरीस जास्त ध्यान असतंय त्यांचं!"

त्या दगडांमुळे ट्रॅक्टर सरळ जात नव्हता. शेवटी एकदा दुकानातूनच ट्रॅक्टरवाल्याला फोन केला — उद्या सकाळी काढून टाक. घरी बोललोच नाही. सुनंदानं घर डोक्यावर घेतलं असतं.

त्याच दुपारी रानातून तिचा फोन. "आवो, चिऊ दिसंना!"

आमची चिऊ तेव्हा तीन वर्षांची. एकीकडे कॅनॉल भरून वाहतोय, दुसरीकडे शेजाऱ्याचा डोक्याच्या वर ऊस. मी गाडी कशी चालवली, मला माहीत नाही. दोन तास हाका मारल्या, पात्यांनी हात कापले. कॅनॉलकडे बघायची हिंमतच होत नव्हती. दगडांपाशी तीनदा जाऊन आलो — तिथं कुणी नव्हतं, शपथेवर सांगतो.

चौथ्यांदा गेलो, तर बाईसाहेब तिथंच बसलेल्या! उचलून छातीशी धरली आणि ढसाढसा रडलो. अंगावर साधा ओरखडा नाही. सकाळचे पिंजारलेले केस नीट विंचरलेले... सात बारीक वेण्या, टोकांना उसाच्या पात्याच्या गाठी.

"कुणी घातल्या गं?" सुनंदानं विचारलं.

"मावश्यांनी. लई गोड हायेत. पन धाकली मावशी रडत हुती."

"का गं?"

"बाबा उद्या त्यांचं घर पाडनार म्हनून."

सुनंदा गर्रकन माझ्याकडे वळली. तिथूनच ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं.

चिऊ आता सातवीत आहे, तिला यातलं काही आठवत नाही. वेण्या कुणी घातल्या, फोनवरचं माझं बोलणं तिच्यापर्यंत कसं पोचलं — यावर लई डोकं लावून झालं. ट्रॅक्टर दगडांना वळसा घालून जातो. खोळंबा होतो... होऊ दे. हल्ली रानात शिरताना सुनंदाच्या आधी मीच म्हणतो, "मावश्यांनो, ऱ्हावा गं निवांत. घर तुमचंच हाय."