पाठमोरे गिऱ्हाईक

"गरज दिसली की भाव चढतो," असे म्हणून अप्पा माझ्या कॉम्प्युटरकडे पाठ करून उभे राहायचे. मग दाराबाहेर बघत हळूच विचारायचे, "काय म्हनायलंय विमान आज?"

गंगाखेडला बसस्टँडजवळ माझे ऑनलाइन फॉर्म भरायचे दुकान आहे. तिथे तुम्ही सकाळी दहाच्या सुमाराला आला असाल, तर हे कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, खुर्ची दिली तरी न बसणारे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. जन्मभर बैलबाजारात दलाली केलेली. आता हवे होते हैदराबाद ते मेलबर्नचे तिकीट. एकुलती एक लेक तिकडे होती आणि तिला सातवा महिना लागला होता. बाळंतपणाला आईने जायचे, पण आई दोन वर्षांमागे वारली. म्हणून बापाने जायचे ठरवले होते. व्हिसा हातात होता, पैशाची अडचण नव्हती. अडचण होती ती अप्पांच्या स्वभावाची.

बैल आवडला तरी त्याच्याकडे बघायचे नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेले. मी भाव सांगितला की ते खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकायचे आणि त्याखाली बोटे दाबून स्वतःची किंमत कळवायचे. बाजारात सौदा असाच होतो, बाजूच्याला पत्ता लागत नाही. माझ्या दुकानात बाजूला असायची ती पीकविम्याच्या रांगेतली माणसे. त्यांना मेलबर्नशी काय देणेघेणे? पण अप्पांचा कोणावरच भरवसा नव्हता.

एकदा त्यांनी मला साइट बंद करायला लावली. पाठ फिरवली की विकणारा मागून हाक मारतो, असा त्यांचा अनुभव. आम्ही दोघे समोरच्या हॉटेलात चहा पिऊन आलो. तोवर भाव दोन हजारांनी चढला होता.

"कसला मानूस हाय हा," अप्पा म्हणाले, "मागून हाकच मारत न्हाई."

मी परोपरीने समजावले. दिवाळीची गर्दी जवळ आली की भाव वाढतच जातो, मंगळवार-बुधवारचे विमान स्वस्त पडते, कोलंबोवरून गेले तर आणखी थोडे वाचते. ते सगळे ऐकून घ्यायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे, छत्रीचे टोक फरशीवर आपटायचे आणि म्हणायचे, "उतरू द्या." त्यांची ती घालमेल मलाही लागली. मी जेवता जेवता मोबाइलवर भाव बघू लागलो. बायको म्हणाली, "तुमी कुठं चाललात?"

आठवा सरत आला. एक दिवस अप्पा दुकानात असतानाच लेकीचा फोन आला. कानाला कमी ऐकू यायचे म्हणून त्यांचा स्पीकर कायम चालू असे.

"अप्पा, तुमाला जमत नसंल तर राहू द्या," ती म्हणाली. "मी इथं बाई लावते."

"बरं. बघू," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

माझे डोके फिरले. वयाचा मान न ठेवता बोललो. "अप्पा, ती काय बैल विकायलीय का? पोरगी हाय तुमची. तिच्यापुढं तरी गरज दाखवा की."

ते खाली बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना खुर्चीत बसलेले बघितले. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि सरळ पडद्याकडे बघितले. त्या दिवसाचा भाव आजवरचा सगळ्यांत चढा होता. त्यांनी माझ्या हातावर रुमाल टाकला. रुमालाला तुपाचा आणि सुंठीचा वास येत होता. हा माणूस घरी डिंकाचे लाडू करायला शिकत होता आणि आम्हाला कोणाला पत्ता नव्हता. मला फार वाईट वाटले. मी बोटे दाबली जायची वाट बघत राहिलो. त्यांनी एकही बोट दाबले नाही, नुसता हात धरून ठेवला.

"काढा," ते म्हणाले.

परतीचे तिकीट मात्र काढू दिले नाही. ते तिकडून बघू म्हणाले.

अप्पा तिकडे पोचले आणि पंधरा दिवसांनी नातू झाला. आता अप्पा तिथून फोन करतात, परतीचा भाव विचारतात. परवा तो इतका उतरला की मी अधीरपणे सांगितले. मागे बाळ रडत होते. अप्पा म्हणाले, "उतरू द्या अजून. घाई न्हाई."

दहाच्या सुमाराला दारात कोणी छत्री आपटली की माझी मान अजून वर होते. काल राहवले नाही. म्हणालो, "अप्पा, भावाचं जाऊ द्या. तुमच्याबिगर करमत न्हाई. कधी येता?"

पलीकडे बाळाचे हुंकार ऐकू आले.

"गरज दाखवली तुमी, भाऊ," अप्पा म्हणाले. "आता भाव चढनार."