गिटारचं वय

मुलाचा फोन एरवी रविवारी येतो आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत संपतो. त्या आठवड्यात मात्र तो रोज येऊ लागला, तोही व्हिडिओवर. मी चक्क इस्त्रीची साडी नेसून बसायचे. यजमान गेल्यापासून विद्यानगरच्या या घरात मी एकटीच. नटायचं ते कुणासाठी?

फोनचं कारण मी नव्हते, गिटार होती. कॉलेजात असताना त्यानं सिकंदराबादहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. कॅनडाला जाताना ती माझ्या कपाटावर ठेवली आणि म्हणाला, "येईन तेव्हा नेईन." आता त्याला ती कुठल्या देशात, कुठल्या साली बनली ते हवं होतं. आपल्या वस्तूची एवढी चौकशी करतोय म्हणजे न्यायला येणार, असं मी मनाशी धरून बसले. आईनं दुसरं काय धरायचं?

गिटारची मान जिथे धडाला जोडलेली असते, तिथे पाठीमागे धातूची पट्टी होती. तिच्यावर नंबर कोरलेला, पण पार झिजलेला. चष्म्यानं दिसेना, टॉर्चनं दिसेना. मग चिमूटभर रांगोळी घेऊन अंगठ्यानं चोळली. खाचांत पांढरं बसलं आणि आकडे वर आले. "आई, मानलं तुला," तो म्हणाला. हे वाक्य मी पुढचा अख्खा दिवस पुरवून पुरवून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी कळलं की नुसत्या नंबरावर भागत नाही. तसलेच आकडे वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांनी वापरलेत, शिवाय पट्टी कुणी बदललेलीही असू शकते. मान काढून आत शिक्का आहे का ते पाहायला हवं. मी तारा सैल केल्या, शिलाई मशीनचा पेचकस आणला, स्क्रू काढून वाटीत ठेवले. मधेच त्यानं विचारलं, "जेवलीस का?" हात कामात असले की माणूस खरं बोलून जातो. म्हटलं, "एकटीसाठी काय रांधायचं रे? दहीभात खाल्ला."

तो म्हणाला, "कॅमेरा थोडा खाली धर."

शिक्का सापडला. गिटार जपानची निघाली, त्याच्या जन्माआधीची, आणि मानही मूळचीच. पोरगा हरखून गेला. "तुझी मोठी बहीणच म्हणायची," मी चिडवलं. तो खूप हसला. तेवढ्यात विचारून घेतलं, "मग कधी येतोस न्यायला?"

"बघू," म्हणाला.

त्यानंतर फोन नाही. मीच एकदा लावला, तर मीटिंगमध्ये होता.

एका सकाळी बेल वाजली. दारात अनोळखी माणूस, खांद्याला गिटारची रिकामी पिशवी. "अम्मा, गिटार देखने आया." मला काही उमगेना, तेव्हा त्यानं मोबाइल पुढे केला. विक्रीची जाहिरात होती. व्हिडिओ कॉलवरून टिपलेल्या फोटोंत ती पट्टी, तो शिक्का आणि कडेला रांगोळीनं माखलेला माझा अंगठा. म्हणजे मुलाला यायचं नव्हतंच. राग निघाला त्या बिचाऱ्यावर.

"फोन करके नै आना क्या?" मी इथल्या दखनी हिंदीत आवाज चढवला.

तो ओशाळला. जाहिरातीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "कब्बी बी आओ बोलके लिखे ना. अम्मा हमेशा घरपेच रहते कते."

मी बाजूला होऊन त्याला आत घेतलं.

"हौ," म्हटलं, "घरपेच रहती."