सतरावी ओळ

परभणीत भातावर संशोधन चालतं हे सांगितलं की लोक हसतात. ज्वारी-कापसाच्या मुलखात साळ कोण पेरतंय, असं माझ्या वडिलांनीही विचारलं होतं. पण कमी पाण्यावर येणारी साळ आमच्याकडेही पेरतात, आणि तिच्यावर करपाही पडतो. त्या करप्यापुढे कोणता वाण टिकतो हे तपासण्याच्या कामावर मी कंत्राटी सहायक होते.

शेतकरी रोग पडू नये म्हणून धडपडतो, आम्ही पडावा म्हणून धडपडायचो. वाफ्यात प्रत्येक वाणाची एकेक ओळ, कडेनं हमखास करपणारा वाण. बुरशी कालवलेलं पाणी फवारायचं आणि स्प्रिंकलर चालवून पानं ओली ठेवायची. पहिले काही दिवस पानं ओली राहिली तरच बुरशी आत शिरते. मग डोळ्याच्या आकाराचे राखाडी ठिपके दिसू लागले की शून्य ते नऊ गुण द्यायचे. शून्य म्हणजे निरोगी, नऊ म्हणजे पार जळालेला.

सतराव्या ओळीत आमच्या सरांचा वाण होता. त्यांनी स्वतः संकर करून, वर्षानुवर्षं निवडत आणलेला. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते.

फवारणी झाली त्याच दिवशी पालमहून फोन आला, वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं. मी चार दिवस गेले. परतल्यावर, पिंगळीहून रोज मजुरीला येणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं.

"ताई, त्या कोपऱ्यातलं स्प्रिंकलर बंद हाय. तुमी गेल्यापसून तिथली पानं कोरडीच हायत."

जाऊन पाहिलं. तोंड गाळानं बुजलं होतं. टाचणीनं मोकळं केलं, पाणी उडायला लागलं, आणि वहीत मी काहीच लिहिलं नाही. माझ्या मागं झालेली चूक माझ्या हातानं कशाला लिहायची, असं वाटलं. कंत्राट वाढवायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरायचं होतं.

गुण द्यायच्या दिवशी सगळा वाफा करपलेला आणि त्या कोपऱ्यातल्या चार ओळी तेवढ्या हिरव्या. सर सतराव्या ओळीपुढे उकिडवे बसले, एकेक पान उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "एक लिही, बाळ." मी एक लिहिला. शेजारची अठरावी ओळही हिरवीच होती, आणि तो वाण दरसाल जळायचा. सरांच्या ते लक्षात कसं आलं नाही, की त्यांना ते पाहायचंच नव्हतं, मला आजही कळत नाही. त्या दुपारी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मावशींनी पेढा पदरात बांधला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पुढचे महिने माझे वाईट गेले. वहीतला तो एक मी कितीदा उघडून पाहिला. कंत्राट वाढलं, सरांच्याच शिफारशीनं. मग ताडकळसच्या एका शेतकऱ्याला मोठ्या रानात लावून बघायला बियाणं द्यायचं ठरलं. मावशी पिशव्या शिवायला बसल्या तेव्हा माझ्यानं राहवेना. मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशींनी तुला कधी सांगितलं होतं?"

"गावाहून परत आले त्याच दिवशी, सर."

"आणि तू आज सांगतेस."

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी वही मागवली, त्या चारही ओळींच्या गुणांवर काट मारली, खाली कारण लिहून सही केली. पिशव्या थांबवल्या. कुंड्यांत तोच वाण पुन्हा लावून, फवारून, त्यांनी या खेपेला पाण्याकडे स्वतः लक्ष दिलं. पंधरा दिवसांत पानांवर ठिपके आले. सरांनी सात गुण दिले आणि वाण यादीतून काढला.

मला त्यांनी कधी बोल लावला नाही, वरही काही कळवलं नाही. फक्त त्या दिवसापासून ते मला 'मॅडम' म्हणू लागले. निरोप समारंभात त्यांच्या हाताखालच्या सगळ्यांची नावं त्यांनी घेतली, माझंही घेतलं, तसंच, मॅडम लावून. मी मान वर केली नाही.

ते परभणीतच राहतात. दोनदा मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले.