थंडीचा निकाल

डाव्या हाताची पालथी मूठ गॅलरीच्या लोखंडी गजावर टेकवायची, डोळे मिटायचे आणि जरा वेळानं म्हणायचं, "नाय. अजून येऊक नाय." आली नाही ती थंडी. दिवाळी उलटली की आमच्या लालबागच्या चाळीत हा रोज सकाळचा कार्यक्रम असे. दात घासायचा ब्रश तोंडात धरून आम्ही दहाबारा जण निकालाची वाट बघत उभे राहायचो.

हा निकाल देणाऱ्यांना सगळे पंचकाका म्हणत. गिरणीच्या साळखात्यात ते कापड विणत, पण तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा. खरं काम हुतुतूच्या सामन्यांत शिट्टी वाजवण्याचं. चाळीमागच्या मैदानात दर हिवाळ्यात आमचं मंडळ सामने भरवायचं आणि परळ, घोडपदेवपासून संघ यायचे. मी मंडळाचा चिटणीस. म्हणजे मांडव, माती, पाणी आणि काकांचा स्वभाव हे सगळं माझ्याकडे.

मुंबईत कसली थंडी, असं तुम्ही म्हणाल. काकांपुढे म्हणाला असतात तर तासभर सुटका नव्हती. हुतुतू हा थंडीचाच खेळ, असं त्यांचं शास्त्र होतं. उकाड्यात अंगाला घाम येतो, घामावरून हात सुटतो, मग पकड कुणाची आणि सुटका कुणाची हे पंचाला कळत नाही. म्हणून थंडी पडल्याशिवाय सामने नाहीत, आणि थंडी पडली की नाही हे पंच ठरवणार. त्यांचा एक जुना खाकी लष्करी स्वेटर होता. ज्या दिवशी ते तो घालून खाली उतरत, त्याच्या पुढच्या रविवारी पहिला सामना. मंडळाच्या फळ्यावर मी नुसतं 'स्वेटर निघाला' एवढं लिहायचो आणि घोडपदेवपर्यंत सगळ्यांना कळायचं.

निकालाच्या बाबतीत हा माणूस भलताच कडक होता. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा दम परतताना मध्यरेषेच्या वीतभर आधी तुटला. गर्दीतल्या कुणाला कळलंही नव्हतं. काकांनी शिट्टी मारून त्याला बाद दिलं. काकूंनी त्यापायी आठवडाभर त्यांना नुसत्या पेजेवर ठेवलं. काका रोज दोन वाडगे पेज पीत आणि वर "आज पेज बरी झाली हा" असं म्हणत. काकूंचा राग त्यामुळे आणखी वाढायचा.

तर असा हा माणूस त्या वर्षी चक्क खोटं बोलायला लागला.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती. चाळीतली माणसं सभेला जायची, मोर्चाला जायची, आणि आमच्या संघातली तीन पोरं सत्याग्रह करून तुरुंगात गेली. कधी सुटतील ते कुणी सांगू शकत नव्हतं. सामन्यांचा नियम असा की खेळाडूंची नावं दसऱ्याला द्यायची, मागाहून बदल नाही, आणि पहिल्या दिवशी मैदानात सात गडी उभे नसले तर संघ बाद. नियम काकांनीच केलेला. आमच्याकडे उरले होते चार. काका तो नियम मोडणार नव्हते आणि ज्यांनी मुंबईसाठी तुरुंग पत्करला त्या पोरांना बादही करणार नव्हते. मग राहिली थंडी.

आणि थंडीनंही नेमकं तेच वर्ष गाठलं. इतका गारठा मी मुंबईत पुन्हा पाहिला नाही. लोक कोपऱ्याकोपऱ्यावर कागद, खोकी जाळून शेकत बसायचे. काका मात्र नुसत्या गंजीफ्रॉकवर गॅलरीत येत, गजावर मूठ टेकवत आणि दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून म्हणत, "नाय. अजून येऊक नाय."

"काका, तुमच्या अंगावर काटा आलाय," मी म्हणालो.

"तो वयाचो."

मी पेपर पुढे केला. गारठ्यानं मुंबईकर हैराण, असं ठळक छापलं होतं. त्यांनी चष्मा न लावताच वाचल्यासारखं केलं. "आपल्या चळवळीबद्दल ह्याच पेपरात काय छापतत, वाचलंस? मगे थंडीबद्दल खरा कशाक छापतीत?"

मी पेपर घडी करून घरी आलो.

पुढे शिंका सुरू झाल्या. त्या तपकिरीच्या, असं ते सांगत. तपकीर ते ओढत नव्हते. एक दिवस काकूंनी मला जिन्यात गाठलं. "भाऊजी, तुमी तरी सांगा ह्येंका. अंगात ताप आसा. मी गोधडी घालतंय, हे बाजूक सारतत. म्हणतत, कोणी बघलान तर?" हे सांगताना काकू हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

मला खरी धास्ती घोडपदेवच्या कप्तानाची होती. गोदीत काम करणारा, दांडगा, बोलायला तिखट गडी. आदल्या वर्षी अंतिम सामन्यात आमच्याकडून हरला होता आणि ढाल न्यायचीच म्हणून वर्षभर धुमसत होता. आमचे तीन गडी आत आहेत हे सगळ्या गिरणगावाला माहीत. तो नुसता म्हणाला असता, "थंडी पडलीय, सामने घ्या," तरी काकांची पंचाईत होती.

एका रविवारी सकाळी तो आलाच. मी वरून पाहिलं आणि आधी माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या कडाक्यात हा पठ्ठ्या बिनबाह्यांच्या बनियनवर आला होता, ओठ निळे पडले होते आणि हातात वर्तमानपत्राची घडी होती. जिना चढून गॅलरीत काकांसमोर उभा राहून तो त्या घडीनं वारा घ्यायला लागला.

"काय उकडतंय काका," तो म्हणाला. "यंदा थंडी काय लवकर येत नाय वाटतं."

काकांनी आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "बस. च्या घे."

"गरम नको. या उकाड्यात कोण पिणार?" असं म्हणून त्यानं दोन कप चहा प्यायला. त्या दिवसापासून आमच्या चाळीत कुणी मफलर बांधून खाली उतरलं नाही.

पोरं सुटली ती शिमगा तोंडावर आला तेव्हा. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, काका स्वेटर घालून खाली उतरले. मी फळ्यावर लिहिलं. ऊन असं होतं की खडू हातात चिकटत होता.

अंतिम सामना पुन्हा घोडपदेवशीच पडला. काकांचं शास्त्र खरं ठरलं, घामानं एक पकड धड बसेना. शेवटच्या चढाईला आमच्या तुरुंगातून आलेल्या तिघांपैकी एक पोरगा गेला. दोघांना शिवून, सगळ्यांच्या हातांतून निसटून परत फिरला, आणि मध्यरेषेपाशी त्याचा दम तुटला. तुरुंगात अंग खालावलं होतं त्याचं. ज्याच्यासाठी काकांनी अख्खा हिवाळा नुसत्या गंजीफ्रॉकवर काढला, त्यालाच त्यांनी शिट्टी मारून बाद दिलं. ढाल गेली.

टाळ्या चालू असतानाच काका घोडपदेवच्या कप्तानाकडे गेले आणि गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"हे काय काका?"

"पुढच्या वर्सापासून तू. मी यंदा थंडीचो खोटो निकाल दिलंय. जाणूनबुजून."

कप्तानाचा चेहरा पडला. "पण आम्ही अपील कुठं केलं?"

"तुमी करूक नाय, तो तुमचो मोठेपणा. माका ठावक आसा, तेवढा पुरे."

आम्ही सगळ्यांनी समजावलं, मी तर भांडलो. काही उपयोग झाला नाही. मला त्यांचा फार राग आला होता आणि त्याहून जास्त माया वाटत होती.

पुढच्या हिवाळ्यात नव्या पंचानं शिट्टी वाजवली. काका रेषेबाहेर पोरांमध्ये मातीत बसले होते, शेंगा सोलत. एका चढाईवरून वाद पेटला. हात लागला की नाही, कुणालाच सांगता येईना. सगळं मैदान एकदम काकांकडे वळलं. नवा पंचही. काकांनी पाहिलं होतं, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. त्यांनी मान खाली घातली, आणि निकाल लागेपर्यंत शेजारच्या पोराला शेंगा सोलून देत राहिले.