मावशी, मॅडम आणि पैनगंगेचं पाणी

पूर उतरला की घरात गाळ राहतो आणि गावात किस्से. गाळ फावड्यानं निघतो. किस्से मात्र माझ्या गिरणीच्या ओट्यावर साचतच जातात! माझी पिठाची गिरणी आहे. दळण होईपर्यंत बायका तिथं बसतात, आणि आमच्या संघमची, म्हणजे बचत गटाची, मीटिंगही तिथंच भरते. आमचं गाव तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अगदी काठावर. पलीकडं महाराष्ट्र. नदी चढली की आधी आमच्याच गल्लीत येते.

म्हणून एका उन्हाळ्यात एक मॅडम आल्या. पुरासाठी घरात काय तयारी ठेवायची, विजा कडाडल्या तर काय करायचं, ते शिकवायला. वयानं माझ्या मुलीएवढ्या. तेलुगु, हिंदी आणि जमेल तसं मराठी. त्यांनी लॅपटॉप उघडला, तर पहिल्याच चित्रात समुद्र! ताडाएवढ्या लाटा आणि वाकलेली नारळाची झाडं. प्रोग्राम वरून आला होता, सगळ्या जिल्ह्यांना एकच.

पुढं कौसल्यामावशी बसली होती. गटात सगळ्यात मोठी, घरात एकटी, कोणाला न घाबरणारी. ती म्हणाली, "मॅडम, समुद्र कधी येनार हाय ते आदी सांगून ठेवा. आमी जल्मात पाह्यला नाई!"

मॅडम हसता हसता खालीच बसल्या. मग लॅपटॉप मिटून म्हणाल्या, "ठीक आहे अम्मा. तुमची नदी कशी येते, ते तुम्हीच सांगा."

त्या दिवसापासून त्या आमच्या झाल्या.

* * *

मॅडमनी प्रत्येकीला एक पिशवी भरून दाराजवळ टांगायला सांगितली. टॉर्च, गोळ्या, फुटाणे, पाण्याची बाटली. मग एक दिवस चेकिंग!

मावशीच्या पिशवीत टॉर्च होता, गोळ्या होत्या, आणि वर घडी न मोडलेलं जरीकाठी लुगडं.

"मावशी, हे कशाला?"

"काऊन? पूर आला म्हनजे सारं गाव एका जागी बसन. सायेब येतीन, फोटो काढतीन. मी काय फाटकं नेसून बसू?"

मॅडमनी लुगडं पुन्हा पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. कोरडे कपडे पाहिजेतच." पुढच्या गावापासून त्या स्वतःच सांगायला लागल्या, "कोरडे कपडे ठेवा, चांगल्यातले!"

* * *

मॉक ड्रिलचा किस्सा तर दिगांबरसमोर काढायची सोय नाही. दिगांबर म्हणजे सुनंदाचा नवरा, आणि सुनंदा आमच्या गटाची अध्यक्ष. शिट्टी वाजली की सगळ्यांनी उंचावरच्या शाळेत जायचं, असं ठरलं होतं. जखमी माणूस म्हणून बायकोनं त्याला बाजेवर झोपवलं. दिगांबर भरल्या अंगाचा. चढावर बाज उचलणाऱ्या एकीचा पाय घसरला, बाज कलंडली, आणि खोटा जखमी खरा जखमी झाला!

मॅडम धावत आल्या. हा कंबर धरून म्हणतो, "मॅडम, खरा पूर आला त मले उचलू नका. मी पोहत जाईन!"

* * *

एकदा कपाशीत निंदण चालू होतं. आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं. बायका नेहमीसारख्या मोहाच्या झाडाखाली पळाल्या. मीही होते. सुनंदा ओरडली, "झाडाखालून निघा! मॅडमनं काय सांगतलं होतं?"

आम्ही बाहेर आलो, लांब लांब, पाय जुळवून उकिडव्या बसलो. लांब आपल्या गोठ्याच्या दारातून शेतमालक खेकसला, "काऊन व, कोंबड्यांवानी काऊन बसून राह्यल्या?"

त्याचं बोलणं संपलं नाही तोच वीज पडली. त्याच मोहावर. झाड मधोमध फाटलं. कानांना दडे बसले. मग सुनंदा रडायला लागली, आणि तिच्यामागं आम्ही सगळ्या.

शेतमालकानं दुसऱ्याच दिवशी शिट्टी आणली. आता ढग सोडा, विमान गेलं तरी वाजवतो!

* * *

मग पूर आलाच. भर दुपारी. सारं गाव शाळेत पोचलं, मावशी मात्र दिसेना. सुनंदा आणि मी गुडघाभर पाण्यातून परत गेलो. मावशी बाजेवर बसलेली.

"मी नाई येत. माह्या मालकानं बांधलेलं घर हाय."

सुनंदानं समजावलं, रागावली, शेवटी पाया पडली. काही उपयोग नाही. मग तिनं पदर खोचला आणि मावशीच्या शेजारी बसली. "बरं. मी बी बसते."

"तू काऊन? तुह्ये लेकरं वाट पाहून राह्यले असतीन!"

"पाहू दे."

मावशीनं पाण्याकडं पाहिलं, सुनंदाकडं पाहिलं आणि उठली. "चाल व माय. लईच जिद्दी हायेस!"

संध्याकाळी त्या घराची मागची भिंत बसली. गावातलं माणूस मात्र एकही गेलं नाही. त्या दिवशी आम्ही देवाला हात जोडले, आणि लगेच मॅडमला फोन केला.

* * *

आता शेवटचा. एकदा मॅडम मीटिंगला आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. त्यांचं गाव आंध्रात, समुद्राकाठी. आई तिथं एकटी. तुफान येणार म्हणून गाव रिकामं करत होते, आणि आई घर सोडायला तयार नव्हती. मॅडम फोनवर समजावून समजावून थकल्या. डोळे भरून आले.

मावशीनं हात पुढं केला. "द्या मले."

मावशीला तेलुगु बाजारापुरती येते. 'एंता' म्हणजे केवढ्याला, एवढंच. मॅडमच्या आईला मराठीचा एक शब्द येत नाही. मी गिरणी बंद केली. मावशी फोन घेऊन ओट्याच्या कोपऱ्यात बसली.

"हो बाई... खरं हाय... मंग सोडून दे न तिले... बांधून नको ठेऊ... हो, हो... तू निंग आदी..."

पलीकडून आईचा तेलुगु आवाज. आधी चढलेला, मग हळू हळू खाली आलेला. मधेच मावशी हसली. मधेच तिनं पदरानं डोळे पुसले. मग फोन परत दिला. "निघून राह्यली."

"मावशी, काय म्हणाली आई?"

"मले काय मालूम! मले तेलुगु येते का?"

सगळ्या चहा पीत बसलो. कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. शेवटी फोन वाजला. मॅडम ऐकत होत्या आणि आम्हाला मराठीत सांगत होत्या. "पोचली... हो, शाळेत आहे... जेवली..."

मग त्यांनी मावशीकडं पाहिलं.

"म्हणते, त्या अक्कानं सांगितलं तशी गाय सोडून आले."