निळ्या साडीची गुढी

लेकीकडे इंग्लंडात राहायला गेले, ती दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्या शहरात फुटबॉलच्या दोन टीम होत्या, एक लाल, एक निळी. अगदी एका घरातल्या जावा. लाल ही थोरली, कपाट कपांनी भरलेलं, म्हणून मान ताठ. निळी धाकटी, सारखी हरायची, पण गाणी हिचीच मोठ्यानं. आमचे जावई निळ्यांचे. शेजारची म्हातारी मड्डम लालवाली, तिचा मफलरसुद्धा लाल.

ही मड्डम रोज सकाळी मला दुकानापर्यंत फिरायला न्यायची. मला इंग्रजी येत नव्हतं, अनोळखी माणसापुढे तोंड उघडत नसे. ती आली नाही तर मी दिवसभर घरात.

पाडव्याला नेमकी या लाल-निळ्या जावांची मॅच. मला कुठलं ठाऊक? वरच्या खिडकीतून मी गुढी उभारली, नव्या कोऱ्या निळ्या साडीची. थोड्या वेळानं मड्डम फाटकापाशी आली, वर बघितलं आणि मला न घेताच माघारी गेली.

जावई हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी.

“आई, अख्ख्या गल्लीत सगळ्यात उंच झेंडा तुमचा!”

“अहो, गुढी आहे ती!”

“हे तिला सांगा.”

लेक म्हणाली, “अगं आई, मग उतरव ना.”

“पाडव्याला? दिवस मावळायच्या आधी?”

गुढी उतरवता येईना, आणि उद्यापासून घरात कोंडून बसणंही नको! शेवटी वाटीत श्रीखंड घेतलं आणि पहिल्यांदाच एकटी तिच्या दारात गेले.

“गॉड,” मी वर बोट दाखवलं. “न्यू इयर. नो फुटबॉल.”

तिनं गुढीकडे नीट पाहिलं. मग टोकावरच्या तांब्याकडे बोट करून विचारलं, “कप?”

तांब्याला काय म्हणतात ते कुठं येत होतं? मी घाईघाईनं “येस” म्हटलं. तिनं आपला पंजा पालथा करून दाखवला आणि खो खो हसत सुटली. निळ्यांना कप मिळाला, तोही पालथा, असं तिचं म्हणणं. श्रीखंड तिनं उभ्या उभ्याच संपवलं.

संध्याकाळी निळेच जिंकले. जावई गुढीचे गुण गाऊ लागले, तेव्हा मी म्हटलं, “हळू बोला, भिंती पातळ आहेत.”

सकाळी मड्डम वेळेवर दारात हजर. दुकानापर्यंत मात्र एक अक्षर बोलली नाही. मीही बोलले नाही. तेवढं मला छान जमतं.